स्कॉटी बोमन : बाकड्यामागचा माणूस आणि वरच्या मजल्यावरची खुर्ची

वुडवर्डकर (धागाकर्ता)

1997 च्या मे महिन्यात मी डेट्रॉइटजवळ एका घरात खोली भाड्याने घेऊन राहत होतो. घरमालक आजोबा मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, संध्याकाळी एकटेच आइस हॉकी बघत बसायचे. एक दिवस त्यांनी मलाही हाक मारली. मला ती काळी चकती, म्हणजे पक, दिसायचीच नाही. फॉक्स वाहिनीने त्या काळी पकभोवती निळी झळाळी आणि जोरात फटका बसला की मागे लाल शेपूट दाखवायला सुरुवात केली होती, पण आजोबांना ते मुळीच खपत नसे. ते नदीपलीकडच्या विंडसरहून येणारं कॅनडाचं चॅनल 9 लावायचे. मी डोळे ताणतोय हे बघून ते म्हणाले, पक शोधू नकोस, त्या बाकड्यामागच्या माणसाकडे बघ.

बाकड्यामागे सूट घातलेला 63 वर्षांचा माणूस उभा होता. हनुवटी वर, तोंडात बर्फाचा खडा, गोल झाला तरी चेहरा तसाच. तो स्कॉटी बोमन. त्या दिवसापासून मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचत आणि बघत आलोय. मराठीत त्याच्यावर काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

आधी खेळाविषयी थोडं, म्हणजे पुढचं कळेल. बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे 6 गडी असतात, गोलरक्षक धरून. सामन्यासाठी तयार होऊन बसतात 20. पूर्ण वेगाने स्केटिंग करणारा माणूस पाऊण मिनिटात थकतो, त्यामुळे दर 45 सेकंदांनी फळी बदलते, तीही बहुतेक वेळा खेळ चालू असताना. एकजण कठड्यावरून आत उडी मारतो तेव्हा दुसरा बाहेर येत असतो. खेळ थांबला तर पाहुण्या संघाने आधी गडी पाठवायचे, यजमानाने ते बघून मग आपले. म्हणजे घरच्या बर्फावर समोरच्याचा हुकमाचा पत्ता बघून आपला टाकता येतो. असे शंभराहून जास्त निर्णय एका सामन्यात घ्यावे लागतात. बोमनच्या हातखंड्याची जागा ही. समोर कोण उभा आहे, तो किती दमलाय, आपला कोण ताजा आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात एकाच वेळी चालू असायचं.

1933 साली मॉन्ट्रियलच्या व्हर्डन भागात त्याचा जन्म. आईवडील स्कॉटलंडहून आलेले, वडील रेल्वेत लोहारकाम करायचे. पोरगा चांगला खेळायचा, कनेडियन्स या मॉन्ट्रियलच्या मोठ्या संघाच्या कनिष्ठ संघापर्यंत पोहोचला होता. 1952 च्या मार्चमध्ये एका सामन्यात झां-गी ताल्बो नावाच्या खेळाडूने त्याच्या डोक्यात स्टिक घातली. कवटीला तडा गेला. पुढे वर्षानुवर्षं लोक सांगत राहिले की बोमनच्या डोक्यात लोखंडी पत्रा बसवलाय. ती दंतकथा आहे. पण खेळाडू म्हणून मोठं व्हायचं स्वप्न त्या फटक्यानंतर विरलं, ते मात्र खरं. विशीही ओलांडली नव्हती.

पुढे तो रंगाच्या एका कंपनीत नोकरी करत लहान मुलांचे संघ सांभाळू लागला. कचेरी फोरमपासून, म्हणजे कनेडियन्सच्या मैदानापासून, जवळच. जेवणाच्या सुट्टीत तो तिथे जाऊन मोठ्या संघाचा सराव बघायचा. टो ब्लेक प्रशिक्षक होते. बोमनचं हॉकीचं शिक्षण बऱ्याच अंशी त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून झालं असं मला वाटतं. मग कनेडियन्सच्या व्यवस्थापनातल्या सॅम पोलॉक यांनी त्याला हाताशी घेतलं आणि 1958 मध्ये ओटावा-हलच्या कनिष्ठ संघाने मेमोरियल कप, म्हणजे कॅनडातला कनिष्ठ गटाचा करंडक, जिंकला.

1967 मध्ये एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली हॉकीची सगळ्यात मोठी साखळी, 6 संघांवरून एकदम 12 वर गेली. नव्या सेंट लुईस ब्लूजमध्ये बोमन सहायक म्हणून गेला आणि हंगामाच्या सुरुवातीलाच मुख्य प्रशिक्षक झाला. दुसरीकडून टाकून दिलेले, वय झालेले खेळाडू त्याने गोळा केले. गोलरक्षक ग्लेन हॉल, पुढे जाक प्लांट, डग हार्वी, अल आर्बर. आणि त्याच संघात तो ताल्बोही होता! ज्याने आपलं डोकं फोडलं त्याच्याकडून बोमनने तीन वर्षं खेळून घेतलं आणि त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. 1968, 69, 70 अशा तिन्ही वर्षी ब्लूज अंतिम फेरीत पोहोचले आणि तिन्ही वेळा 4-0 ने हरले. त्यातल्या पहिल्या वर्षी चारही सामने फक्त एकेका गोलने गेले होते.

मालक कुटुंबाशी पटेना म्हणून 1971 मध्ये तो मॉन्ट्रियलला परतला आणि आठ वर्षांत पाच स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाचा करंडक, जिंकले : 1973, आणि मग 1976 ते 79 ओळीने चार. 1976-77 च्या हंगामात 80 सामन्यांपैकी 60 जिंकले, 12 बरोबरीत, फक्त 8 हरले. लाफ्लर, ड्रायडन, रॉबिन्सन, सावार, गेनी असा संघ हाताशी होता, म्हणून कोणीही जिंकलं असतं असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. इतक्या मोठ्या खेळाडूंना आज तू 12 मिनिटंच खेळणार असं सांगायचं आणि तरी संघ एकसंध ठेवायचा, हे सोपं नाही.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. 1978 मध्ये पोलॉक मॉन्ट्रियलच्या जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू घेणं-देणं ठरवणारा प्रमुख, या पदावरून बाजूला झाले. जनरल मॅनेजरची खुर्ची आपल्याला मिळेल असं बोमनला वाटत होतं. ती इर्व्हिंग ग्रंडमन यांना मिळाली. बोमन एक वर्ष थांबला, कप जिंकून दिला आणि 1979 च्या उन्हाळ्यात बफेलो सेबर्सकडे गेला. तिथे त्याला दोन्ही गोष्टी मिळाल्या, बाकडंही आणि वरच्या मजल्यावरची खुर्चीही.

ही सात वर्षं त्याच्यावरच्या लेखांमध्ये एका ओळीत उरकतात. मला ती सगळ्यात जास्त वाचावीशी वाटतात. पहिल्या वर्षी 110 गुण, गटात पहिला नंबर. मग त्याने लोकांचे लाडके खेळाडू विकायला काढले. रिक मार्टिन लॉस एंजेलिसला गेला. कर्णधार डॅनी गेअर आणि जिम शोनफेल्ड डेट्रॉइटला. बफेलोच्या लोकांनी ते मनाला लावून घेतलं. पण दरवर्षी संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्यातल्या मार्टिनच्या बदल्यात आलेल्या निवडहक्कावर बोमनने 1983 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या शाळेत शिकणारा 18 वर्षांचा गोलरक्षक टॉम बरासो उचलला. त्या पोराने थेट शाळेतून येऊन पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम गोलरक्षक असे दोन्ही पुरस्कार घेतले. आदल्या वर्षी फिल हाउसली आणि डेव्ह अँड्रेचक. म्हणजे माणसं ओळखण्यात चूक नव्हती.

चूक दुसरीकडे होत होती. मॅनेजरने पाच वर्षांपुढचं बघायचं असतं, प्रशिक्षकाला आज रात्रीचा सामना हवा असतो. 18 वर्षांच्या पोराने चूक केली की मॅनेजर म्हणतो शिकेल, प्रशिक्षक त्याला बाकड्यावर बसवतो. दोघे वेगळे असले की भांडतात आणि त्यातून मधला रस्ता निघतो. एकाच डोक्यात असले तर भांडणार कोण? बोमनने प्रशिक्षक नेमले, रॉजर नीलसन, जिमी रॉबर्ट्स, शोनफेल्ड. पण त्याला वर बसवेना. दोनदा तो स्वतः खाली उतरून बाकड्यामागे उभा राहिला. 1984 मध्ये डिक अर्विन यांचा विजयांचा विक्रम त्याने बफेलोतच मोडला, पण बाद फेरीत संघ पुढे सरकेना. 1986 च्या शेवटी संघ तळाला होता. आधी बाकडं सोडलं, मग डिसेंबरमध्ये खुर्ची गेली.

त्यानंतर तीन वर्षं हा माणूस टीव्हीवर विश्लेषण करत होता. 53 व्या वर्षी. सगळ्यांना वाटलं, संपलं.

पुढचं प्रतिसादांमध्ये लिहितो, एकदम फार लांब होईल.

---

हिमगौरी

वुडवर्डकर, छान लिहिलंय. मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, फळी बदलण्याचा भाग वाचून पहिल्यांदा कळलं. कबड्डीत बाद गडी कधी आत येणार यावर डाव फिरतो, तसंच काहीसं वाटलं. लवकर पुढचं लिहा.

---

पार्कातला_कट्टा

लेख आवडला. एक शंका. आपल्याकडे मोठा प्रशिक्षक म्हटलं की आचरेकर सर आठवतात. स्टंपवर नाणं ठेवून फलंदाजाला बाद न होता टिकायला लावणारे, एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेऊन दिवसाला चार-चार डाव खेळवणारे. ते खेळाडू घडवायचे. बोमनने कोणाला घडवलं? तुमच्या लिखाणावरून तो पत्ते चांगले खेळणारा वाटतो, पत्ते त्याला वाटून मिळालेले.

---

वुडवर्डकर

कट्टा, प्रश्न अगदी योग्य आहे. आचरेकर सरांसारखं हाताला धरून शिकवणं हे बोमनचं काम नव्हतं, एनएचएलच्या प्रशिक्षकाचं ते असतही नाही. पण घडवलं नाही असं म्हणता येणार नाही. डेट्रॉइटचा कर्णधार स्टीव्ह आयझरमन घ्या. 1988-89 मध्ये त्याचे 155 गुण होते, म्हणजे गोल आणि गोलसाहाय्य मिळून. शहराचा देव होता. बोमन 1993 मध्ये आला आणि त्याला सांगितलं की मागे येऊन बचाव करायचा, तुझे गुण कमी झाले तरी चालतील. तिशीला आलेल्या कर्णधाराला हे सांगायचं! त्याला दुसऱ्या संघाकडे देण्याची बोलणी चालल्याच्या बातम्याही आल्या. आयझरमन गिळून राहिला आणि बदलला. कप जिंकला त्या 1996-97 मध्ये त्याचे गुण 85. पुढे 2000 मध्ये बचावात सर्वोत्तम ठरणाऱ्या आघाडीपटूचा पुरस्कार त्यालाच मिळाला. मी याला घडवणंच म्हणेन.

---

तळ्याकाठी

मी मॉन्ट्रियलला असते, लग्न होऊन आले तेव्हा बोमन इथून जाऊन वर्षं झाली होती. पण सासरे 1974 साली आलेले, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगते. 31 डिसेंबर 1975 ला इथली चार-पाच मराठी कुटुंबं नवीन वर्षासाठी एका घरी जमली होती. बायका स्वयंपाकघरात, पुरुष मंडळी पत्त्यांवर. आणि टीव्हीवर कनेडियन्स विरुद्ध मॉस्कोचा लाल सेनेचा संघ. सासऱ्यांना हॉकीतलं काही कळत नव्हतं, पण हळूहळू पत्ते बाजूला पडले म्हणे. कनेडियन्सनी 38 फटके गोलवर मारले, रशियनांनी फक्त 13. तरी सामना 3-3 बरोबरीत, कारण समोर रशियन गोलरक्षक त्रेत्याक उभा होता. मसालेभात थंड झाला होता, हे सासूबाई अजून सांगतात.

1979 चा बोस्टनचा सामनाही त्यांच्या तोंडी असतो. वुडवर्डकर, तुम्ही तो सोडलात, म्हणून लिहिते. उपांत्य फेरीचा सातवा सामना, 10 मे. बोस्टन 4-3 ने पुढे, तीन मिनिटंही उरलेली नाहीत. आणि बोस्टनचा एक गडी जास्त बर्फावर! फळी बदलताना गोंधळ झाला. शिक्षा झाली, बोस्टनचा एक माणूस कमी, लाफ्लरने गोल केला, जादा वेळेत लांबेरने सामना संपवला. मग अंतिम फेरीत रेंजर्सना हरवून ओळीने चौथा कप.

---

वुडवर्डकर

तळ्याकाठी ताई, मसालेभातासाठी खूप खूप आभार. हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

बोस्टनच्या त्या सामन्यात बोमन दुसऱ्या बाकड्यामागे होता. बोस्टनने लाफ्लरच्या मागे एक गडी सावलीसारखा लावला होता, तर बोमन लाफ्लरला ठरलेल्या वेळेआधीच आत पाठवायचा, दुसऱ्या फळीबरोबर पाठवायचा. पाठलाग करणाऱ्यांना सारखी आकडेमोड करावी लागत होती. त्या एका जादा माणसाचा दोष सगळा बोस्टनच्या बाकड्याचा धरतात, पण असा ताण संध्याकाळभर कोणी दिला होता तेही बघायला हवं.

आणि 1975 च्या त्या रात्रीचा पुढे फार मोठा धागा निघतो. रशियन पाच-पाच जणांच्या गटाने खेळायचे, पक सोडायचे नाहीत, रस्ता नसेल तर मागे फिरून पुन्हा चाल रचायचे. उत्तर अमेरिकेत तेव्हा पक पुढे ढकलून त्यामागे धावायची रीत होती. 20 वर्षांनी, 27 ऑक्टोबर 1995 ला कॅलगरीत, बोमनने डेट्रॉइटचे पाच रशियन पहिल्यांदा एकत्र बर्फावर सोडले : फेतिसोव्ह, कॉन्स्टँटिनोव्ह, लारिओनोव्ह, फेदोरोव्ह, कोझलोव्ह. सामना 3-0. त्या हंगामात डेट्रॉइटने 62 सामने जिंकले. फेतिसोव्ह आणि लारिओनोव्ह दोघांचं वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास किंवा पुढे होतं. बाकीच्यांना ते म्हातारे वाटत होते. बोमनने त्यांना त्यांच्या पद्धतीने खेळू दिलं, मध्ये फारसं पडला नाही.

---

रानवारा

लेख चांगला आहे पण फार गोड आहे. मीही बरीच वर्षं बफेलोजवळ काढली आहेत. तिथे अजून जुने लोक मार्टिन आणि गेअरबद्दल बोलताना आवाज चढवतात. शिवाय त्याचे स्वतःचे खेळाडू काय म्हणायचे? मॉन्ट्रियलच्या स्टीव्ह शटचं बोलणं प्रसिद्ध आहे : वर्षातले 364 दिवस आम्ही त्याचा तिरस्कार करायचो आणि 365 व्या दिवशी कपाची अंगठी घ्यायचो. माणसांना अशा धाकात ठेवून जिंकलेलं मला मोठं वाटत नाही. रात्री खेळाडू हॉटेलात वेळेवर आले की नाही हे कळावं म्हणून दरवानाला स्टिक देऊन येणाऱ्यांच्या सह्या घ्यायला सांगितल्याची गोष्टही सांगतात.

---

वुडवर्डकर

रानवारा, तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. मॉन्ट्रियलचा बोमन कठोर होता आणि लांब राहायचा. उद्या आपण खेळणार की नाही हे मोठमोठ्या खेळाडूंनाही माहीत नसायचं. ते मलाही आवडत नाही. मार्टिनच्या बाबतीतही बफेलोकरांचं दुःख खरं आहे.

पण पिट्सबर्गमध्ये काय झालं तेही बघा. 1990 मध्ये तिथल्या पेंग्विन्स संघाने त्याला खेळाडू शोधण्या-घडवण्याच्या कामासाठी घेतलं. प्रशिक्षक होते बॉब जॉन्सन, सगळ्यांना हसतमुखाने सांभाळणारे. 1991 मध्ये कप आला. त्याच ऑगस्टमध्ये जॉन्सन यांच्या मेंदूत गाठ सापडली आणि नोव्हेंबरच्या 26 तारखेला ते गेले. संघ पोरका झाला. ते आजारी पडल्यावरच बोमनला बाकड्यामागे यावं लागलं होतं. त्याचा जुना धाक त्या खेळाडूंना मानवेना. सरावावरून कुरबुर वाढली. तेव्हा बोमनने रोजचा सराव सहायकांवर सोपवला आणि स्वतः सामन्यापुरता बाकड्यामागे उभा राहू लागला. 58 वर्षांच्या, पाच कप जिंकलेल्या माणसाने हे मान्य करणं मला थोर वाटतं. पहिल्याच फेरीत वॉशिंग्टनविरुद्ध 3-1 ने मागे पडलेला संघ तिथून उठला आणि शेवटी ओळीने 11 सामने जिंकून कप घेऊन गेला. गोलवर उभा होता बरासो. बफेलोसाठी शाळेतून निवडलेला तोच.

पुढच्या वर्षी त्यांनी ओळीने 17 सामने जिंकले. तो विक्रम अजून टिकून आहे. मारिओ लेम्यू त्याच हंगामात कर्करोगाचे उपचार घेऊन परतला आणि सर्वाधिक गुणही त्याचेच. आणि तरी आयलँडर्सकडून दुसऱ्याच फेरीत सातव्या सामन्यात हरले.

---

गणिती

आकडे एकत्र लिहून ठेवतो, कोणाला हवे असतील तर. साखळीत 1244 विजय, बाद फेरीत 223. प्रशिक्षक म्हणून 9 कप : मॉन्ट्रियल 5, पिट्सबर्ग 1, डेट्रॉइट 3 (1997, 98, 2002). टो ब्लेक यांचे 8. ज्यांचा सराव सुट्टीत बसून बघितला त्यांनाच मागे टाकलं. व्यवस्थापन किंवा सल्लागार म्हणून आणखी 5 : पिट्सबर्ग 1991, डेट्रॉइट 2008, शिकागो 2010, 2013, 2015. एकूण 14.

वुडवर्डकरांच्या मुद्द्याला या आकड्यांचा आधार मिळतो. वरच्या मजल्यावरून मिळालेल्या पाचांपैकी एकाही वेळी संघाची अंतिम जबाबदारी त्याच्यावर नव्हती. जिथे दोन्ही होतं, त्या बफेलोत शून्य.

---

वुडवर्डकर

गणिती, अगदी बरोबर. फक्त एक भर घालतो. डेट्रॉइटमध्ये 1994 पासून 97 पर्यंत त्याच्याकडे प्रशिक्षकपदाबरोबर खेळाडू निवडीचंही पद होतं, म्हणजे पुन्हा दोन्ही कामं. पण तिथे जिम डेव्हेलानो आणि केन हॉलंड बरोबर होते, विरोध करायला माणसं होती. 1997 चा कप जिंकल्यावर जनरल मॅनेजर हॉलंड झाले आणि बोमन फक्त बाकड्यावर राहिला. 1998 आणि 2002 तसेच आले.

---

हिमगौरी

1997 च्या कपबद्दल लिहा ना. तुम्ही तेव्हा तिथेच होतात.

---

वुडवर्डकर

हो. डेट्रॉइटने त्याआधीचा कप 1955 मध्ये जिंकला होता. 42 वर्षं. आजोबा तेव्हा तरुण होते, त्यांची बायकोशी ओळखही झाली नव्हती.

अंतिम फेरीत समोर फिलाडेल्फिया. त्यांचा एरिक लिंड्रोस म्हणजे चालता डोंगर, सहा फूट चार इंच, त्याच्या बाजूचे दोघेही तसेच धिप्पाड. सगळ्या वर्तमानपत्रांत एकच अंदाज की बोमन लिंड्रोसवर कॉन्स्टँटिनोव्हला सोडणार, कारण तोच अंगावर जाऊन आदळणारा. पहिल्या सामन्यात बघतो तर लिंड्रोससमोर निक्लस लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी. दोघंही धडक देणारे नव्हते. मर्फीला तर टोरोंटोत घरचेच प्रेक्षक ओरडून हैराण करत होते, म्हणून तो मार्चमध्ये जवळजवळ फुकट मिळाला होता. मी आजोबांकडे बघितलं. ते पुढे सरकून बसले होते, एकदम गप्प.

लिंड्रोसला धक्का देणारं कोणी भेटेना. तो पक घेऊन यायचा तेव्हा लिडस्ट्रॉम हातभर अंतरावर मागे सरकत असायचा, स्टिक पुढे. तो धडक मारायला गेला की पक मर्फीकडे आणि तिथून एका पासात बाहेर. ज्याचं सगळं बळ आदळण्यात आहे त्याला आदळायला भिंतच द्यायची नाही. डेट्रॉइटने चारही सामने जिंकले. लिंड्रोसचा संपूर्ण मालिकेतला एकमेव गोल चौथ्या सामन्याची 15 सेकंदं उरली असताना झाला.

भोंगा वाजला आणि बोमन आत गेला. परत आला तो सूटखाली स्केट्स बांधून. 63 व्या वर्षी कप डोक्यावर धरून बर्फावर फेरी मारली त्याने. अठराव्या वर्षी डोकं फुटल्यावर जे करता आलं नव्हतं ते. आजोबा रडत होते. मला काय बोलावं सुचेना, मी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसलो.

वुडवर्ड अव्हेन्यूवरच्या मिरवणुकीला मी गेलो होतो. माझं इथलं नाव तिथूनच आलंय.

---

तळ्याकाठी

आणि तीनच दिवसांनी तो अपघात ना?

---

वुडवर्डकर

हो, 13 जून, शुक्रवार. जल्लोषाहून परतताना लिमोझिन झाडावर आदळली. कॉन्स्टँटिनोव्ह आणि संघाचे मालिशवाले सर्गेई म्नात्साकानोव्ह यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. फेतिसोव्ह वाचला. कॉन्स्टँटिनोव्ह 30 वर्षांचा होता. पुढचं वर्षभर सगळ्यांच्या जर्सीवर त्याच्यासाठी पट्टी होती, आणि 1998 मध्ये वॉशिंग्टनला हरवल्यावर आयझरमनने कप आधी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या कॉन्स्टँटिनोव्हच्या मांडीवर ठेवला. त्याबद्दल जास्त लिहायला मला जमणार नाही.

---

रानवारा

तुमचे प्रतिसाद वाचून पिट्सबर्गच्या बाबतीत माझं मत थोडं बदललं, मान्य करतो. पण शिकागोचं राहिलं. मुलगा स्टॅन तिथे जनरल मॅनेजर, वडील सल्लागार, तीन कप. आणि 2021 मधला चौकशी अहवाल?

---

वुडवर्डकर

ते टाळायचा हेतू नव्हता. मुलाचं नावच स्टॅनली कपावरून ठेवलं होतं, 1973 च्या कपानंतर. स्टॅन 2009 मध्ये शिकागोचा जनरल मॅनेजर झाला. 2010 मध्ये एका खेळाडूने संघाच्या व्हिडिओ प्रशिक्षकावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला होता, आणि वरिष्ठांना तो कळूनही त्यांनी कप जिंकेपर्यंत काही केलं नाही, असं त्या अहवालात निघालं. स्टॅनने राजीनामा दिला. आता तो एडमंटनमध्ये आहे. माझं मत विचाराल तर त्या तीन आठवड्यांच्या गप्प बसण्यापुढे 2010 च्या कपाचं मोल मला उरत नाही. त्या खेळाडूला जे सोसावं लागलं ते कुठल्याही विजयाने भरून येणारं नाही.

---

रानवारा

स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं.

---

पार्कातला_कट्टा

आयझरमनचं उदाहरण पटलं. 2002 मध्ये बोमन निवृत्त कसा झाला? अजून खेळवता आलं असतं की.

---

वुडवर्डकर

वय 68 होतं. 1998 मध्ये हृदयावर उपचार आणि गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया दोन्ही झालं होतं. 2002 चा संघ तर असा की त्यातले दहा खेळाडू पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. कॅरोलिनाला हरवल्यावर पुन्हा स्केट्स बांधून बर्फावर आला आणि तिथेच सगळ्यांना सांगितलं की हा माझा शेवटचा सामना होता. खेळाडूंनाही आधी माहीत नव्हतं. आता हिवाळ्यात तो फ्लोरिडात असतो आणि टँपाचे सामने बघायला जातो. म्हणजे पुन्हा जेवणाच्या सुट्टीतला तोच पोरगा, वर खुर्चीत बसून बर्फाकडे बघणारा.

---

हिमगौरी

1997 चा एखादा सामना बघायचाय. काय बघू? मला पक दिसणार नाही हे आधीच सांगते.

---

वुडवर्डकर

तिसरा सामना बघा, डेट्रॉइटचा घरचा, 6-1. पाठीवरचे आकडे लक्षात ठेवा. फिलाडेल्फियाचा 88 म्हणजे लिंड्रोस. डेट्रॉइटचा 5 लिडस्ट्रॉम आणि 55 मर्फी. खेळ थांबला की आधी 88 कठड्याशी येतो. मग कॅमेरा डेट्रॉइटच्या बाकड्याकडे गेला तर बघा, 5 आणि 55 उठलेले असतात, आणि त्यांच्या मागे तो हनुवटी वर करून उभा असतो.